ठीक आहे म्हणणारी पेटी

थोरलीची चूक सगळ्यात आधी सापडली ती बोर्डवाल्याला, आणि तीही चेष्टा करताना.

दुपारची जेवणं झाली होती. दोन टेबलं, एक खिडकी आणि सोल्डरचा कधीच न जाणारा वास, एवढंच ते वर्कशॉप. बोर्डवाला सर्किट बनवायचा, थोरली त्याच्यावर चालणारा कोड लिहायची, आणि दोघं मिळून श्वासाची पेटी तयार करत होती. छातीला पट्टा बांधायचा. पेटी श्वास बघत राहणार, आणि वीस सेकंद श्वास आला नाही की ठणाणा करणार. बोर्डवाल्यानं पट्टा स्वतःला बांधला, म्हणाला बघू तरी ही माझ्यासाठी किती रडते, आणि नाक दाबून बसला. वीस झाले, तीस झाले, त्याचं तोंड वांग्यासारखं झालं. पेटीवरचा हिरवा दिवा आपला मजेत.

"मी मेलो तरी हिला सोयरसुतक नाही," तो धापा टाकत म्हणाला. "थेट माझ्या सासूवर गेलीये."

थोरली हसली. आणि हसता हसताच तिला घर आठवलं. ह्या पेटीची जुळी बहीण गेले तीन आठवडे तिच्या आईच्या उशाशी होती.

आईचा श्वास झोपेत थांबायचा. हलवलं की पुन्हा सुरू. नाही हलवलं तर काय, हे घरात कुणी मोठ्यानं बोलत नसे. दोन वर्षं बाबा पलंगाशेजारच्या खुर्चीत रात्री काढत होते आणि दिवसा घास हातात धरून पेंगत होते. पहिली पेटी थोरलीनं स्वतःच्या अकलेनं लिहिली, तर ती आईनं कूस बदलली तरी बोंबलायची. रात्रीतून चाळीस वेळा. तिसऱ्या दिवशी बाबांनी ती मोज्यांच्या खणात कोंबली.

म्हणून तर लायब्ररी आणली. लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कुणी आधीच लिहून, तपासून ठेवलेला कोड, आपण तो आपल्या कोडला नुसता जोडायचा. कूस कुठली आणि थांबलेला श्वास कुठला, हे तिला बरोब्बर कळतं म्हणे. नवी पेटी आली, आणि एकदाही उगाच वाजली नाही. पहिल्या तीन रात्री बाबा खुर्चीतच होते, पण ते वीसपर्यंत थांबतात थोडेच. श्वास थांबला की बोटांवर दहा मोजून आईला हलवायचे, पेटीची पाळीच यायची नाही. चौथ्या रात्री त्यांनी दिव्याकडे बराच वेळ बघितलं आणि दोन वर्षांत पहिल्यांदा पाठ टेकली. परवा आईच तक्रार करत होती की ह्यांच्या घोरण्यानं मला जाग येते.

थोरलीनं घरी फोन लावला. आई जागी होती, वाटाणे सोलत होती. बाबांनी विचारलं, जेवलीस का. ती म्हणाली हो. संध्याकाळपर्यंत दुरुस्त होईल, मग कशाला घाबरवायचं, असं तिनं स्वतःला समजावलं आणि फोन ठेवला.

चूक शोधायला दहा मिनिटं लागली. कोडचे सगळे तुकडे शिवून एक करतो त्या प्रोग्रॅमला लिंकर म्हणतात. स्वभावानं तो पक्का कारकून. हवा तो कागद टेबलावर सापडला तर उठून कपाट कशाला उघडेल? आणि थोरलीच्या टेबलावर कागद पडलेला होता. लायब्ररी यायला उशीर होत होता तेव्हा बाकीचं काम अडू नये म्हणून तिनं लायब्ररीतल्या निर्णय देणाऱ्या तुकड्याच्याच नावाचं एक पोकळ फंक्शन लिहून ठेवलं होतं. एकच ओळ. काहीही विचारा, उत्तर एकच, ठीक आहे. त्या फाइलीचं नाव तिनं 'तात्पुरतं' ठेवलं होतं. मग लायब्ररी आली, तिनं जोडली, आणि ती फाइल काढायचीच राहिली. लिंकरला नाव टेबलावर मिळालं, त्यानं लायब्ररीचं कपाट उघडलंसुद्धा नाही, आणि तक्रारही केली नाही. थोरलीनं बटण दाबून भोंगा तपासला होता, पट्ट्याचे आकडे तपासले होते. निर्णय घेणारा भाग तेवढा सोडला होता. एवढ्या लोकांनी वापरलेला कोड, त्याला मी कोण तपासणार, असं वाटलं होतं तिला.

तिनं फाइल उडवली. आता लिंकरनं मुकाट्यानं कपाट उघडलं, आणि मग जी ओरड केली ती स्क्रीनभर लाल. लायब्ररी बनली होती महागड्या चिपसाठी. त्या चिपमध्ये अपूर्णांकांचं गणित करायला वेगळी खोली असते, ह्यांच्या स्वस्त चिपमध्ये ती नव्हतीच. म्हणजे ही जोडी कधी जमणारच नव्हती. पोकळ फंक्शन मध्ये उभं होतं म्हणून कुणाला कळलं नाही इतकंच.

लायब्ररीचा मूळ कोड हातात नव्हता, नुसती बंद फाइल होती. लिहिणाऱ्या कंपनीला मेल केला, तो पत्ता अस्तित्वात नाही म्हणून परत आला. फोनवर बाई सांगत होती की हा नंबर सेवेत नाही. शेवटी थोरलीनं कंपायलरला, म्हणजे कोडचं चिपच्या भाषेत भाषांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला, खोटंच सांगितलं की आमच्याही चिपला ती खोली आहे. सगळं एका दमात जुळलं, एकही एरर नाही. बोर्डवाल्यानं टेबलावर थाप मारली. पेटी चालू केली, आणि पहिल्याच अपूर्णांकाला ती दगडासारखी बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा दगड.

"नवी चिप घेऊ," बोर्डवाला हळूच म्हणाला.

"बोर्ड नवा करावा लागेल. किती दिवस?"

त्यानं बोर्ड उलटा करून बघितला. "चार महिने. घाई केली तर."

ती घरी पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. बाबा गुणगुणत अंथरुणं घालत होते, आईचं एक, शेजारी स्वतःचं एक. आई न्हाणीघरात होती.

"बाबा," ती म्हणाली, "पेटी श्वास ऐकतच नव्हती. कधीच. दिवा नुसताच लागायचा."

बाबांचा हात चादरीवर थांबला. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"मग इतक्या सगळ्या रात्री जागं कोण होतं?"

"कुणीच नाही."

त्यांनी स्वतःच्या चादरीची घडी घातली, चारही कोपरे नीट जुळवून, आणि उशीसकट कपाटात ठेवली. मग खुर्ची ओढली. तिचे पाय फरशीवरच्या जुन्या ओरखड्यांत जाऊन बसले. थोरली म्हणाली, अर्धी रात्र मी बसते. बाबांनी मान हलवली, पण हो की नाही ते कळलं नाही. तीन आठवड्यांत त्यांच्या डोळ्यांखालचं काळं जरा उतरलं होतं. ते तिला आत्ता, आजच दिसलं.

तिनं पेटीची वायर उपटायला हात घातला.

"राहू दे ती," बाबा म्हणाले.

"अहो, पण खोटी आहे ती."

"माहितीये. दिवा दिसला की तुझी आई घाबरत नाही, पटकन झोपते." न्हाणीघराची कडी वाजली तसा त्यांनी आवाज उतरवला. "तिला नको सांगूस."

आई ओल्या पायांनी आली, पट्टा बांधून घेतला, आणि खुर्ची कशाला पुन्हा, म्हणून कुरकुरली. बाबा म्हणाले, तुझ्या लेकीशी गप्पा मारायच्यात. आईनं दिव्याकडे एकदा बघितलं आणि कुशीवर वळली. थोरली खुर्चीला टेकून जमिनीवर बसली. वर बाबांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकू लागला, एक, दोन, तीन.