तासलेली दारं

दार अलगद लागलं. सर्वेक्षकाने ते पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. कुठे घासलं नाही, कुरकुरलं नाही.

"दाराशी काय खेळतोयस? आत ये," दादा म्हणाला.

"भावोजी आपल्याकडे कुठे आलेत! ते दाराकडे आलेत," वहिनी चहा ठेवता ठेवता म्हणाली.

तो खरंच दारासाठी आला होता. डोंगरउतारावरची कुठली जमीन धोक्याची, हे दाखवणारा नकाशा नगररचना कार्यालयात तयार होत होता. लाल भागातल्या घरांना खाली सपाटीवर हलवायचं, पिवळ्या भागात बांधकामाला परवानगी द्यायची. काही वर्षांपूर्वीच्या भूकंपात घरं पडली नव्हती, पण उतार सैल झाला होता. असा उतार मुंगीच्या पावलांनी सरकत राहतो. घराची चौकट तिरकी होते आणि दारं अडकायला लागतात. भिंतीच्या भेगा लोक बुजवून टाकतात, दार खोटं बोलत नाही, असं सर्वेक्षक कार्यालयात नव्याने आलेल्यांना शिकवायचा.

दादाच्या गल्लीतलं एकही दार अडकत नव्हतं. म्हणून गल्ली पिवळी. तिच्या डावीकडची वस्ती लाल, उजवीकडचीही लाल. ते पाहून भूवैज्ञानिक मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला होता.

"भाऊबंदकी खूप पाहिली. नकाशावर बंधुप्रेम पहिल्यांदाच बघतेय."

"मॅडम, प्रत्येक दार मी स्वतः लावून बघितलंय."

"मग परत बघा. उद्या सभेत लोकांपुढे ठेवायचाय नकाशा."

दादा सुतार होता. कारखाना घरातच, पुढच्या खोलीत. त्याला वर माडी चढवायची होती. लेक आणि जावई कायमचे राहायला येणार होते. माडीचं लाकूडही आणून ठेवलेलं होतं, परवानगीचीच खोटी.

"गल्लीतली दारं एकदम झकास लागतात," चहाचा कप उचलत सर्वेक्षक म्हणाला.

"लागतील नाहीतर काय! पाऊस संपला की घरोघर फिरतो मी. कुठे घासायला लागलं की मारला रंधा. पलीकडच्या आजींचं दार तर किती वेळा तासलं असेन."

सर्वेक्षकाने कप तसाच खाली ठेवला.

"अरे, पावसात फुगतं लाकूड," दादा म्हणाला.

"उन्हाळ्यात परत आक्रसतं ना? मग तासलेल्या ठिकाणी फट पडायला हवी. पडते?"

दादाने दाराच्या कडेकडे निरखून बघितलं.

सर्वेक्षकाने पिशवीतून ओळंबा काढला. अडकणाऱ्या दारालाच ओळंबा लावायचा, अशी कार्यालयाची पद्धत होती, त्यामुळे या गल्लीत तो बाहेरच निघाला नव्हता. त्याने दोरा चौकटीच्या माथ्याशी धरला. खाली लोलक चौकटीपासून चांगला दोन बोटं दूर लटकत राहिला.

दादाला समजावून सांगायची गरज नव्हती. तो स्टुलावर चढला आणि दाराच्या वरच्या कडेवरून अंगठा फिरवला. कड एका बाजूला उतरत गेली होती.

"बसवलं तेव्हा काटकोनात होतं," तो म्हणाला.

"भावोजी," वहिनीने हळूच विचारलं, "मॅडमना कळलंय हे?"

"नाही."

"मग? दार लागतंय, तुम्ही बघितलंत. यात खोटं काय आहे?"

सर्वेक्षक दोरा गुंडाळत राहिला. स्टुलावरून उतरत दादाच म्हणाला, "आजी मागच्या खोलीत झोपतात. डोंगराला लागून."

दुसऱ्या दिवशी सभेत गल्ली लाल झालेली दिसली आणि एकच गलका उठला.

"आमची दारं लोण्यासारखी लागतात!"

"सख्खा भाऊ, पक्का वैरी! माडी बघवली नाही ह्याला!"

सर्वेक्षक उत्तर द्यायला उठला, तोवर मागच्या रांगेत दादा उभा राहिला होता.

"दारं लागतात, कारण मी ती तासलीत. चौकटी सगळ्या वाकड्या आहेत. माझी धरून."

"म्हणजे इतकी वर्षं फसवत होतास आम्हाला?"

"मला वाटायचं, दुरुस्त करतोय."

मग पलीकडच्या आजी म्हणाल्या, "ते असू दे रे. मला खाली नेणार कोण? माझे गुडघे तर कधीचेच लाल आहेत."

काही जण हसले. दादा हसला नाही. "मी नेईन," म्हणाला.

आधी त्याने आजींना नेलं, त्यांच्या पलंगासकट. मग एकेक घर हलू लागलं. माडीचं लाकूड खाली तात्पुरत्या खोल्यांच्या छपराला गेलं. वहिनीने सामान स्वतः बांधलं. दिराशी ती कामापुरतं बोलत होती.

शेवटी उरलं कामाचं बाकडं. दोघा भावांनी ते दोन टोकांना धरून, थांबत थांबत, सपाटीवरच्या खोलीत आणलं. वरच्या घरात त्याच्या पायाखाली दरवर्षी एक पाचर वाढायची. बाकडंच जुनं झालंय, असं दादा म्हणायचा. आताही त्याने खिशातून पाचर काढली. बाकडं चारही कोपऱ्यांवर दाबून पाहिलं.

ते हललं नाही.

दादाने हातातल्या पाचरीकडे बघितलं. मग ती परत खिशात टाकली आणि हत्यारांची पेटी आणायला चढ चढू लागला.