जंगमाला नाही कोण म्हणणार

मठामागची दासोहाची, म्हणजे सोमवारच्या पंगतीची शेड पाडून तिथे लग्नाचा हॉल बांधायचा की नाही, हे भक्तांना घरोघरी विचारून ठरवू, असं मठाच्या ट्रस्टचे अध्यक्ष संगप्पांनी जाहीर केलं. आधी कॉलेजातल्या मुली पाठवल्या, तर अर्ध्या उदगीरनं दारच उघडलं नाही. मग कुणाच्या तरी डोक्यातून निघालं, ईश्वरप्पा स्वामींना पाठवा. जंगम म्हणजे लिंगायतांचा गुरू; तो दारात आला तर त्याला माघारी कोण लावतं? शहाण्यांच्या डोक्यातून अशाच गोष्टी निघतात.

स्वामींचे गुडघे केव्हाच कामातून गेलेले. तरी ते निघाले. घरोघरी तेच. कुणीतरी तांब्या आणून पाय धुवायचं, आसन टाकायचं, आणि यांनी तोंड उघडायच्या आत हात जोडून विचारायचं, "स्वामी, तुमच्या मनात काय हाय?"

"माझ्या मनाचं सोडा. ट्रस्ट म्हणतंय हॉल बांधू. तुमचं काय?"

"मग बांधा की!"

झालं. पुढचं घर. स्वामींना आयुष्यात कुठल्या दारानं कशालाच नकार दिला नव्हता, ते आताच कसं देईल? पाय धुवून धुवून तळवे पांढरे पडले, पण मनातलं म्हणून कुणी काही बोललं नाही.

आणि स्वामींच्या मनात नव्हतं का? होतं, चांगलं ठसठसत होतं. बायको गेल्यापासून सोमवारचा दासोह हेच त्यांचं चार माणसांतलं जेवण. एरवी भिंतीकडे तोंड करून भाकरी मोडायची. सोमवारी पंगतीत बसलं की कुणीतरी "स्वामी, अजून थोडी गव्हाची हुग्गी घ्या" म्हणायचं, आणि तेवढ्यावर आठवडा निघायचा. पण आपल्याला विचारायला पाठवलंय, सांगायला नाही, म्हणून त्यांनी तोंड शिवून घेतलं. यालाच ते प्रामाणिकपणा समजत होते.

शेवटी उमादेवींचं घर आलं. एकटी बाई. सोमवारी पंगतीत स्वामींच्या समोरच्या ओळीत बसायची, आणि निघताना डबा भरून न्यायची. इथे तरी नकार येईल, म्हणून स्वामी चांगले टेकून बसले.

"हॉल चांगलाच की," उमादेवी पाय पुसता पुसता म्हणाल्या. "पोरींची लग्नं हुतील."

"आन सोमवारी, उमाक्का?"

"सोमवारी काय, घरी खाऊ."

त्यांनी मान वर केली नाही. स्वामी फार थकले होते. त्यांच्या कपाळाला विभूती लावून उठले.

सोमवारी पंगतीआधीच्या बैठकीत संगप्पांनी सांगितलं, एकही घर विरोधात नाही. सगळ्यांना बरं वाटलं. मग त्यांनाच काय सुचलं कुणास ठाऊक, स्वामींकडे वळले. "तुम्ही एवढं हिंडलात. तुमचं स्वतःचं काय मत?"

'नाही' ईश्वरप्पांच्या ओठांवर आलं होतं. समोर अध्यक्ष, बाजूला सगळी मोठी माणसं. त्यांचे हात आपोआप जोडले गेले.

"तुमच्या मनात असंल तेच," ते म्हणाले.

बाहेर पायरीवर उमादेवी रिकामा डबा घेऊन उभ्या होत्या.

"काय ठरलं?"

"हॉल."

त्यांनी डब्याचं झाकण घट्ट लावलं. मग हळूच म्हणाल्या, "मला वाटलं, तुमी तरी न्हाई म्हणाल."