निळं झाकण

"ताई, रंगखात्यातलं एक नाव अजून लालच दिसतंय," साहेब केबिनच्या दारातूनच म्हणाले. "सगळा कारखाना कट्ट्यावर आला. मग घोडं कुठे पेंड खातंय?"

ताईंनी संगणकात बघितल्यासारखं केलं. नाव कुणाचं ते त्यांना पाठच होतं. "काकांचं आहे, साहेब. बघते मी."

"बघते नको, करते म्हणा. वरून विचारणा झाली तर मी तुमचंच नाव पुढे करणार."

कट्टा म्हणजे कंपनीने आणलेलं नवं ॲप. कापड रंगवणाऱ्या त्या कारखान्यात आता सूचना, तक्रारी, वाढदिवस, सगळं त्यावरच. त्यासाठी प्रत्येकाच्या हातात एकेक फोन दिला होता. आवकजावक सांभाळणाऱ्या ताईंना साहेबांनी 'कट्टामित्र' करून छातीवर बिल्ला लावला, म्हणजे काम वाढलं आणि पगार होता तिथेच राहिला. लोकांना गोडीगुलाबीने कट्ट्यावर आणायचं, हे ते काम. ताई मुळात भित्र्या. नवरा आजारपणामुळे घरी, मुलीचं शिक्षण अर्ध्यावर. साहेबांनी नुसती हाक मारली तरी त्या खुर्चीतून उठून उभ्या राहायच्या.

त्या जिना उतरून रंगखात्यात गेल्या. तिथे वाफ आणि यंत्रांची घरघर. काका एका पिंपावर वाकून दोन बोटांत काहीतरी चोळून बघत होते. रंगखात्यातले ते सगळ्यात जुने. कापड मऊ करायचं लिक्विड दाट आहे की पातळ, हे त्यांची बोटंच ठरवत. हातमोजे त्यांनी खुंटीला टांगले होते, ते तिथेच जुने झाले.

"काका, फक्त एक बटण दाबायचंय. निरोप आला, वाचला, की 'वाचलं' दाबायचं."

"आणि वाचायचं कुणी?"

"म्हणजे?"

"अक्षरं मला ओळखत नाहीत, मी अक्षरांना." काका हसले. "सही तेवढी चित्रासारखी काढतो. आजवर मुकादम हजेरीला ओरडून सांगायचा, त्यावर निभावलं. आता तोही फोनात तोंड घालून बसतो." मग त्यांनी आवाज खाली आणला. "वर बोलू नका हं. न शिकलेला माणूस इथे आता ठेवत नाहीत. घरी बसवतील."

ताईंना त्यांची दया आली. खरं सांगायचं तर स्वतःची जरा जास्तच आली.

"फोन माझ्याकडे द्या," त्या म्हणाल्या. "तुमचं मी दाबत जाईन. कामाचं काही असलं तर खाली येऊन सांगेन."

लाल नाव हिरवं झालं. साहेब खूश झाले. सुरुवातीला ताई रोज खाली जाऊन एकेक निरोप काकांच्या कानावर घालायच्या. पण कट्ट्याला भरतं आलं. कुणाचा वाढदिवस, कुणाचं नवं बाळ, साहेबांचे हार घातलेले फोटो. काका मागे पडू नयेत म्हणून ताई त्यांच्या नावाने शुभेच्छाही देऊ लागल्या.

"ताई, तो शिपाई मला धन्यवाद म्हणाला," काका एकदा म्हणाले. "मी काय केलं हो त्याचं?"

दोघंही पोट धरून हसली. त्यानंतर ताईंचं खाली जाणं कमी कमी होत गेलं. सकाळी आल्या आल्या त्या काकांचा फोन उघडायच्या आणि 'वाचलं, वाचलं, वाचलं' असं दाबून पर्समध्ये टाकायच्या. कांद्याची पात निवडावी तसं ते हाताला सवयीचं झालं होतं.

त्या दिवशीही तसंच झालं. काकांचं दाबून झालं, चहा आला, आणि मग ताईंनी आपला स्वतःचा फोन उघडला. कट्टामित्राला सगळ्यांचे निरोप वाचावे लागत, म्हणून त्या वाचत बसल्या.

'माल देणारी कंपनी बदलली आहे. आजपासून निळ्या झाकणाच्या कॅनमध्ये कॉस्टिक सोडा येईल. मऊ करायचं लिक्विड पांढऱ्या झाकणात. सर्वांनी नोंद घ्यावी.'

काकांचं लिक्विड कायम निळ्या झाकणातच यायचं. आणि कॉस्टिक हाताला साबणासारखंच बुळबुळीत लागतं, भाजतं ते नंतर, हे त्या कारखान्यात शिपायालाही ठाऊक होतं.

ताईंच्या हातातला कप कसा खाली गेला ते त्यांना कळलं नाही. त्या जिन्यावरून धावत सुटल्या. चप्पल सुटली, ती तिथेच राहिली. 'देवा, अजून कॅन उघडलेला नसू दे,' एवढंच त्या पुटपुटत होत्या. रंगखात्याच्या दारातूनच त्या ओरडल्या, पण यंत्रांच्या आवाजात त्यांचा आवाज त्यांनाही ऐकू आला नाही.

काका पिंपाशी उभे होते. निळं झाकण जमिनीवर पडलं होतं. उजव्या हाताची बोटं ते चोळत होते, चोळतच होते, कारण लिक्विड रोजच्यासारखं दाट लागत नव्हतं.

"आज जरा पातळ आलंय," ताईंना बघून ते म्हणाले.

ताईंनी त्यांचा हात धरला आणि ओढत नळाखाली नेला. पाणी किती वेळ चालू होतं कोण जाणे. काका आधी हसत होते, मग त्यांनी डोळे मिटून घेतले आणि दात आवळले. बोटांवरची कातडी पाण्याबरोबर सुटायला लागली, तेव्हा ताईच रडू लागल्या.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. काकांचा हात मनगटापर्यंत बांधलेला होता. बोटांना पूर्वीसारखी जाण येणं कठीण, असं डॉक्टर म्हणाले होते.

"काका, निरोप तुम्ही सकाळीच वाचलेला दिसतोय," साहेब स्क्रीनकडे बघत म्हणाले. "नोंद आहे."

काकांनी एकदाच ताईंकडे पाहिलं.

"वाचला होता, साहेब. डोक्यातून गेलं."

बोलायला हवं, आत्ता बोलायला हवं, असं ताईंचं मन ओरडत होतं. पण डोळ्यांपुढे नवऱ्याच्या औषधांची पिशवी आली, मुलगी आली. साहेबांनी जबाब लिहिला आणि कागद पुढे सरकवला. चूक माझी, असा त्याचा अर्थ होता.

"सही करा."

काकांनी बांधलेला हात थोडा वर केला. "चित्र काढणारा हातच गेला, साहेब. अंगठा चालेल?"

"आजच्यापुरता चालेल," साहेबांनी हसून शाईचा पॅड उघडला.

काकांनी डावा अंगठा शाईत बुडवला. तो कागदावर टेकायच्या आत ताईंनी पर्समधून फोन काढला आणि जबाबावर ठेवला. दुसऱ्या हाताने त्यांनी टेबलाची कड धरली.

"हा काकांचा फोन. तो माझ्याकडे असतो."

"म्हणजे? मग निरोप वाचला कुणी?"

"वाचला कुणीच नाही, साहेब. दाबलं मी."

साहेब एकदा ताईंकडे, एकदा काकांकडे बघत राहिले. "पण काकांचा फोन तुमच्याकडे कशाला?"

ताईंनी काकांकडे पाहिलं. हे सांगायचा अधिकार त्यांना नव्हता. टेबलावरच्या फोनने तेवढ्यात टुणकन आवाज केला. कट्ट्यावर कुणाचा तरी वाढदिवस होता.

"मला वाचता येत नाही," काका म्हणाले. रंग तयार झाला, असं सांगावं तितक्या साध्या आवाजात ते बोलले. मग अंगठ्याची शाई पुसायला त्यांनी उजवा हात पुढे केला, त्यावरचं बँडेज पाहिलं, आणि अंगठा तसाच हवेत धरून उभे राहिले.

ताईंनी पदर पुढे करून तो पुसला.