ल्युंगवोग कुणाचं

जगदीश साठे मला पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर नको होता. ओसाकातल्या आमच्या विद्यापीठात तो माझा सीनियर, माझ्यासारखाच पुण्याचा, आणि दुसऱ्याच्या ताटातलं उचलायची खोड असलेला.

आता त्याचा डोळा ल्युंगवोगवर होता. नॉर्वेच्या किनाऱ्यावरची ही चिमुकली नगरपालिका म्हणजे माझा संशोधनाचा विषय. तिथं मी अख्खा हिवाळा काढला होता. एके काळी हेरिंग मासळीनं ते गाव पोसलं. मासळी आटली, डबेबंदीचा कारखाना बंद पडला. पुढे गावच्याच सभेनं खाडीत सॅल्मनचे पिंजरे टाकू दिले, इथल्या सुशीवर बसतो तोच सॅल्मन, आणि चार पैसे आले. तेवढ्यात सरकारनं गाव शेजारच्या मोठ्या नगरपालिकेत ढकललं. लोकांनी मतदानात 'नको' म्हटलं होतं, ते कुणी जुमानलं नाही. सभा गेली खाडीपलीकडे, कमाई गेली, शाळाही बंद झाली.

तिथं कधी पाऊल न टाकलेला जगदीश म्हणायचा, विलीनीकरणामुळेच गाव सुधारलं. ल्युंगवोगवरचा विद्यापीठाचा नवा प्रकल्प आम्हा दोघांपैकी एकालाच मिळणार होता; तो त्याला मिळाला तर माझं कंत्राट संपणार होतं आणि मला गाशा गुंडाळावा लागणार होता.

प्रकल्प कुणाला द्यायचा, त्या बैठकीत मी त्याच्या मुद्द्यांची चिरफाड केली. आमचे विभागप्रमुख नाकामोरी सेन्सेई मान डोलवत "नारुहोदो, नारुहोदो", म्हणजे 'अस्सं, अस्सं', म्हणत होते. बाकीचेही डोलत होते. जिंकले, असं मला वाटलं.

दुसऱ्याच दिवशी कळलं, प्रकल्प जगदीशला मिळाला.

तो कॉरिडॉरमध्ये कॅनमधली कॉफी पीत उभा होता. "अनघा, इथे मीटिंगमध्ये काही डिसाइड होत नाही गं. मी आधीच एकेकाला भेटून सगळ्यांचं हो घेऊन ठेवलं होतं. आणि मान डोलवली म्हणजे नुसतं ऐकलं. इतकी वर्षं राहून एवढं कळत नाही?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मेला खोटं बोलत नव्हता, त्याचाच जास्त राग आला.

"आता फील्डवर्कला मी जातोय," तो म्हणाला. "तुझे तिथले कॉन्टॅक्ट्स देतेस?"

"देते की. मासेमारांच्या धक्क्यावर सगळे भेटतील. विलीनीकरणानं तुमचं भलं झालं, हे तिथंच उभं राहून मोठ्यानं सांगा, जगदीश-सान. फक्त, पोहता येतं ना तुम्हाला?"