सातवा पडदा

दुकानात शिरणाऱ्याने ते गाणं नुसतं गुणगुणलं तरी तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आणि त्या वर्षी न गुणगुणता कोणी शिरतच नव्हतं. बेकरीवाला पावाचा ट्रे उतरवताना तेच, टपालवाला सायकल टेकवताना तेच, समोरच्या न्हाव्याच्या रेडिओवर तर दर तासाला तेच. गाण्यात होतं काय, तर डोळे, वाट, आठवण आणि मधे मधे ढोल. पण चाल अशी चिवट की डोक्यातून हाकलली तरी जात नव्हती. ती ढोल सुरू झाला की उठून दार लावून घ्यायची. गाणं शेवटपर्यंत तिने एकदाही ऐकलं नव्हतं, आणि हे ती सगळ्यांना आवर्जून सांगायची.

दुकान वाद्यदुरुस्तीचं, आतल्या बाजूला घर. वडिलांच्या मागे ती एकटीच चालवत होती. काम बहुतेक दुतारीचं. भोपळ्याचं पोट, लांब दांडी, दोन तारा आणि दांडीवर तातीने, म्हणजे आतड्याच्या दोरीने, करकचून बांधलेले नऊ पडदे. पडद्याच्या मागे बोट दाबायचं की सूर निघतो, आणि पडदा जिथे बांधाल तिथला निघतो. गल्ली तिला पाठीमागे 'खुंटी' म्हणायची, कारण सहजासहजी वळत नाही आणि जास्त पिळली की तार तोडते. तिला हे नाव ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

गाणं आल्यापासून रोज कोणी ना कोणी दुतारी काखेत मारून यायचं. "ताई, बाकी सगळं वाजतंय, पण दुसऱ्या ओळीतला तो एक सूर काही बसत नाही. सातवा पडदा सरकलाय का बघा."

ती पडदा बघायची. पडदा जिथल्या तिथे असायचा. "पडद्याला काही झालेलं नाही," ती म्हणायची. "गाणंच बेसूर आहे. त्याच्यासाठी मी चांगलं वाद्य बिघडवणार नाही. एवढीच हौस असेल तर रेडिओ लावून बसा."

गिऱ्हाईक गालातल्या गालात हसत बाहेर पडायचं. कारण त्या गाण्याची चाल तिच्या धाकट्या भावाची आहे, हे एव्हाना गल्लीतल्या मांजरांनाही कळलं होतं.

धाकटा बारा वर्षांपूर्वी मोठ्या शहरात स्टुडिओत वाजवायला निघून गेला. भांडून गेला असता तर तिने एकवेळ माफ केलं असतं, पण हा हसत गेला. नंतर दोनच महिन्यांनी बाबा आजारी पडले. दहा दिवस दवाखान्यात काढून घरी आले, दुतारी हातात घेतली, चार सूर वाजवले, "हात बसत नाही आता" म्हणाले आणि खिळ्याला टांगून ठेवली. पुढे दोन वर्षं जगले, पण तारेला पुन्हा बोट लावलं नाही. तू गेलास आणि त्यांचं वाजवणं गेलं, हे तिने धाकट्याला पत्रामागून पत्रं पाठवून कळवलं. तिचं अक्षर दिसलं असतं तर त्याने पाकीट फोडलं नसतं, म्हणून ती सांगायची आणि आई लिहायची. बाबा गेल्यावर तो आला तेव्हा चार माणसांत तिने त्या खिळ्याकडे बोट दाखवलं. "बघ. ही तुझी करणी." तो दुसऱ्या दिवशी निघून गेला आणि मग नुसते आईला फोन, तेही ती दुकानात असेल अशा वेळी.

त्या बुधवारी मात्र त्याचा अंदाज चुकला. तिचं डोकं दुखत होतं म्हणून ती घरीच होती. आई फोनवर "हो रे, हो रे" करत होती आणि एकदम गप्प झाली.

"काय म्हणतोय?" तिने विचारलं.

"रविवारी येतोय. बाबांची दुतारी न्यायला."

तिने आईच्या हातातून फोन जवळजवळ हिसकावलाच. "हात लावून दाखव तिला!"

"ताई, तू वाजवतेस तरी का ती?" पलीकडून आवाज आला. दहा वर्षांत पहिल्यांदा. "खिळ्याला टांगलीयस नुसती. धूळ खातेय."

"वाजवते की. रोज वाजवते."

"काय वाजवतेस?"

खरं म्हणजे ती काहीच वाजवत नव्हती. दुसऱ्यांच्या दुताऱ्या लावून द्यायची, दोन बोटं फिरवून खात्री करायची आणि गिऱ्हाइकाच्या हातात ठेवायची. पण राग तिच्या नाकावरच बसलेला असायचा. "तुझं ते रडगाणंसुद्धा वाजवते. त्यात काय मोठं!"

"मग रविवारी वाजव माझ्यासमोर. एक सूर चुकला तर मी दुतारी घेऊन जाणार."

"आणि नाही चुकला तर पुन्हा या दारात पाय ठेवायचा नाही. कबूल?"

"कबूल."

आईने विणकाम मांडीवर ठेवलं. "मला कुणी विचारलं का?" ती म्हणाली. कुणी विचारलं नव्हतं, आणि आताही कुणी विचारलं नाही.

गुरुवारी तिने न्हाव्याकडे जाऊन, मान खाली घालून बसून, ते गाणं पहिल्यांदा पूर्ण ऐकलं. न्हावी इतका चकित झाला की गिऱ्हाइकाच्या गालावर साबण तसाच वाळला. "एक अक्षर बोलाल तर याद राखा," तिने त्याला बजावलं. कान तिचा तयार होता. घरी येईपर्यंत चाल पाठ होती. बाबांची दुतारी खिळ्यावरून काढली, धूळ पुसली, तारा बदलल्या आणि वाजवायला बसली. पहिली ओळ सरळ उतरली. दुसऱ्या ओळीत तो सूर आला आणि दाताखाली खडा यावा तसं झालं.

सातव्या पडद्यावर तो सूर चढा लागत होता, सहाव्यावर फारच उतरलेला. तिने तार ओढून पाहिली, बोट मागे घेऊन पाहिलं, तार थोडी सैल केली तर बाकीचे सगळे सूर रुसले. शुक्रवारी दिवसभर तेच. दोन गिऱ्हाइकांना तिने दारातूनच पिटाळलं. बोटांची टोकं सोलवटली. धाकट्याने मुद्दाम असा सूर घातलाय की माझी फजिती व्हावी, अशी तिची खात्रीच पटली, आणि तिने त्याला एवढ्या शिव्या घातल्या की आतून आईने भांडं आपटलं.

शनिवारी दुपारी दुकान बंद करून ती पुन्हा बसली. एका फुटक्या भोपळ्याला चिकटवायचं काम राहिलं होतं, म्हणून शेगडीवर सरसाचं भांडं ठेवलं. सरस वितळेपर्यंत दोनदा वाजवून होईल, असं म्हणाली आणि आपण हे का म्हणालो याचं तिलाच नवल वाटलं. सरसाचं काम असलं की तोंडात यायचंच ते वाक्य. कुणाचं होतं ते?

तिने खिडकीपाशी उजेडात दांडी तिरकी धरली. सातव्या पडद्याच्या अलीकडे, खुंट्यांच्या बाजूला, दाण्याएवढ्या अंतरावर, लाकडावर एक फिकट रेघ होती. वीस वर्षं तिथे तात बसलेली होती, तिथलं लाकूड काळं पडायचं राहून गेलं होतं.

तिचा हात तिथेच थांबला.

बाबांचा सातवा पडदा पहिल्यापासून उतरलेला असायचा. "मला तिथे बरा लागतो," एवढंच म्हणायचे. बाकीचे वाजवणारे हसायचे. शाळेतल्या संगीताच्या बाई एकदा भर दुकानात म्हणाल्या होत्या, "लोकांचे सूर लावून देता आणि घरचं वाद्य असं?" तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. बाबा दवाखान्यात होते तेव्हा तिने तो पडदा सोडला, नवी तात घेतली आणि बरोबर जागी बांधला. चांगलंच केलं होतं की तिने. बाबा घरी आले, चार सूर वाजवले, थांबले, पडद्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. आणि म्हणाले, हात बसत नाही आता.

हे ती विसरली होती असं नाही. तिने ते कधी नीट पाहिलंच नव्हतं. पाहायला वेळ कुठे होता, धाकट्याला पत्रं पाठवायची होती ना.

तिने गाठ सोडली, पडदा त्या फिकट रेघेवर सरकवला आणि पुन्हा बांधला. ढोल नाही, घाई नाही, सावकाश वाजवायला लागली. दुसरी ओळ आली, तो सूर आला आणि चपखल बसला. आणि तेव्हा तिला कळलं की ही चाल धाकट्याची नाहीच. सरस शेगडीवर चढवला की बाबा हीच वाजवायचे. ती दोनदा पुरी झाली की सरस तयार, असा त्यांचा हिशोब होता. घड्याळ बघायचे नाहीत. तिने दुसऱ्यांदा शेवटची ओळ संपवली आणि भांड्यात पाहिलं. सरस पातळ, मधासारखा झाला होता.

भोपळा त्या दिवशी चिकटला नाही. सरस पुन्हा गार होऊन गेला.

रविवारी धाकटा अकराच्या सुमाराला आला. डोक्यावरचे केस विरळ झाले होते. येताना वाद्याची रिकामी पेटी घेऊनच आला होता, आणि ती पाहून तिचं डोकं पुन्हा तापलं.

"पेटी कशाला आणलीस? ओझं तसंच परत न्यावं लागेल."

"बघू. वाजव आधी."

"बसायचं असेल तर बस."

"उभा बरा आहे."

आई खुर्चीत विणत होती. कोणी कोणाला पाणीसुद्धा विचारलं नाही. तिने दुतारी मांडीवर घेतली आणि वाजवली. पहिली ओळ वाजली, मग दुसरी. तो सूर आला आणि गेला. धाकट्याने डोळे मिटून घेतले होते. शेवटपर्यंत एकही सूर चुकला नाही. आईच्या सुया मधेच कधीतरी थांबल्या होत्या.

"जिंकलीस," धाकटा म्हणाला. आवाज कोरडा होता. "आता एकदा हातात देतेस? नेत नाही, घाबरू नकोस."

तिने दिली. त्याने दांडीवरून अंगठा फिरवला, मागच्या बाजूने, जिथे ताती बांधलेल्या असतात. बाबांच्या गाठी चपट्या, नखाने दाबून बसवलेल्या. एक, दोन, तीन असं करत अंगठा सातव्यापाशी आला आणि थांबला.

"ही गाठ बाबांची नाही."

तिची नजर त्याच्या अंगठ्यावर होती.

"तात तुटली होती का?" त्याने विचारलं. अगदी सहज विचारलं. वाद्य जुनं, तात तुटायचीच.

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. दुतारी तिची, दार तिचं, आणि धाकटा जन्मभर तिकडे. बारा वर्षं तिला हेच तर हवं होतं. तिने आईकडे पाहिलं, तर आई तिच्याकडेच पाहत होती.

"नाही," ती म्हणाली. "मी सोडली होती. बाबा दवाखान्यात असताना. पडदा बेसूर आहे म्हणून वर बांधला. घरी आल्यावर त्यांनी वाजवून पाहिलं, आणि मग ठेवून दिली. काल मी परत खाली आणला."

"म्हणजे मी गेलो म्हणून नाही."

"नाही."

समोरून न्हाव्याचा रेडिओ ऐकू येत होता.

"बारा वर्षं, ताई," तो म्हणाला. ओरडला नाही, ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. "प्रत्येक पत्रात. मी ती चाल बसवली ती कशासाठी, माहितीये? वाटलं, माझ्यामुळे त्यांची थांबली, तर निदान माझ्या हातून कुठेतरी वाजत राहावी. स्टुडिओतल्या लोकांशी त्या एका सुरासाठी भांडलो. सगळे म्हणत होते, बेसूर आहे, बदल."

"मी लिहिली ती पत्रं," आई म्हणाली. "माझ्या हातांनी. हिच्या तोंडचं ऐकून." तिने लोकरीचा गुंडा उचलून पिशवीत टाकला आणि लेकीकडे पाठ करून बसली.

"मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. म्हणताना तिलाच ते खोटं वाटलं.

धाकट्याने दुतारी तिच्या मांडीवर परत ठेवली. हळू ठेवली, तारासुद्धा वाजल्या नाहीत. पेटी मिटून हातात घेतली.

"थांब," ती म्हणाली. "घेऊन जा ती. तुझी आहे."

"नको. शर्त ती शर्त. तू जिंकलीस, मी या दारात पुन्हा येत नाही." तो आईच्या पाया पडला. आईने त्याचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. त्याला तो एकेक बोट करून सोडवावा लागला. दारात पोहोचल्यावर तो वळला, पण तिच्याकडे न पाहता दुतारीकडे पाहून म्हणाला, "वाजवत राहा म्हणजे झालं. आणि दुरुस्त करू नकोस आता."