सोनबाचा डावा डोळा

मित्रांनो, फुलं वाहिलेला प्रोसेसर तुम्ही पाहिला नसेल. तो मी. पोलादपूरच्या एका फोटो स्टुडिओत, टेबलाखालच्या संगणकाच्या पत्र्याच्या डब्यात माझं बिऱ्हाड आहे. परक्या देशातल्या कारखान्यात मी घडलो आणि पोटात अब्जावधी बारीक खटके घेऊन इथवर आलो. नवा होतो तेव्हा स्टुडिओची मालकीण श्रुतिका गिऱ्हाइकांना सांगायची, "काय फास्ट आहे बघा!" पुढे कौतुक आटलं, काम मात्र वाढलं. माणसांचंही असंच होतं म्हणे. डब्यावरची धूळ पुसायलाही कोणी वाकेना.

एके दिवशी डोंगरातल्या वाडीवरून ठकूबाई आली. तिच्या मेलेल्या नवऱ्याचा, सोनबाचा, एकुलता एक फोटो पुरात भिजला होता. चेहऱ्याची उजवी बाजू शाबूत, डावीकडे नुसता पांढरा डाग.

"त्याचं तोंड आठवंना झालंय गो," ती म्हणाली. "ह्यो फोटो गेला की मग तो गेलाच."

श्रुतिकाने पुसला गेलेला चेहरा रचणारा नवा प्रोग्राम लावला. कपाळ उमटलं, गाल उमटला, डाव्या डोळ्याची पाळी आली आणि पडदा काळा! पुन्हा लावला. पुन्हा तिथेच काळोख. दुकानातला पंखा फिरत होता, दिवे चालू होते. विझत होतो तो फक्त मी.

सोबत ठकूबाईचा दीर काशीराम होता. उमर मुंबईत काढलेली, त्यामुळे गावच्या भुतालाही त्याच्याकडे इंग्रजी नाव होतं.

"वहिनी, हा सिग्नल हाय. दादाला यायचं नाय."

"मशीन जुनं झालंय, काका," श्रुतिका म्हणाली.

"मग दर खेपेला डोळ्यावरच कसं मरतं गो?"

आमच्याकडे काम अडलं की देवाला फुलं लावून कौल घेतात. उजवीकडचं फूल पडलं तर होकार, डावीकडचं पडलं तर नकार. काशीरामने देवळातली फुलं थेट माझ्या डब्यावर ठेवली. "सोमवारी परत लाव. चाललं तर उजवा कौल. बंद पडलं तर डावा, मग फोटो सावित्री नदीत सोडायचा."

ठकूबाईने पदर तोंडाला लावला, पण होकाराची मान हलवली. आणि मी, बसल्या जागी देव झालो!

खरं कारण ऐका. वाडीत एकच नळ सोडला तर धार जोरात येते, सगळ्या घरांनी सोडले की बारीक होते. हलक्या कामाला माझे थोडेच खटके हलतात. डोळ्यासारखं अवघड काम आलं की सगळेच एकदम वीज मागतात आणि माझ्यापर्यंत पोचणारा विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, उतरतो. ही खोट नव्हे. तो थोडा उतरू द्यायचा, अशीच माझी बांधणी आहे. शिमग्यात पालखी खांद्यावर आली की नाचणारा गुडघा वाकवतो ना? ताठ राहिला तर ओझं उतरताच उसळून पडेल. तसंच हे.

पण माझ्या शेजारी कपॅसिटर नावाची छोटी नळकांडी असतात, दारातल्या भरल्या हंड्यांसारखी. एकदम तहान लागली तर क्षणभर तीच भागवतात. ती निकामी झाली होती. म्हणून मी वाकत नव्हतो, कोसळत होतो. आणि हे सांगायला देवाला तोंड नसतं, तसं मलाही नाही.

मधल्या दिवसांत श्रुतिकाने दीक्षा नावाच्या एका गिऱ्हाइकाच्या लग्नाचा व्हिडिओ लावला. तोही बंद!

"सोनबाकाकांना लग्नाचंही वावडं?" ती पुटपुटली आणि फुलं बाजूला ठेवून तिने डबा उघडला. आत धूळ, आणि धुळीखाली फुगलेली नळकांडी. महाडला नेऊन तिने ती बदलून आणली.

सोमवार आला. कपाळ, गाल, डोळा. सगळे खटके एकदम तहानले. दाब उतरला, आणखी उतरला. मी वाकलो आणि टिकलो.

पडद्यावरून सोनबा बघत होता.

मित्रांनो, ओझ्याखाली कोणी वाकलं तर लगेच भूत शोधू नका, फुलंही वाहू नका. झाकण उघडा, धूळ झाडा, शेजारचा हंडा भरलेला आहे ना, ते बघा.

ठकूबाई मात्र पडद्याजवळ सरकली. मग तिने श्रुतिकाचा हात धरला. "त्याची डावी पापणी अशीच जराशी उतरलेली असायची. तुला कोनी सांगितलं गो?"

"कोणीच नाही, काकी."

काशीरामने हात जोडले. मुंबईचा एकही इंग्रजी शब्द त्याला आठवेना.

मलाही कोणी सांगितलं नव्हतं. मी फक्त त्या क्षणी वाकलो होतो.