दादा वर गेला

दचकू नका, मीच बोलतोय. टेबलावरची ही पावाएवढी पेटी. आणि दादा वर गेला म्हणून चेहरा पाडायचीही गरज नाही. आमच्यात वर जाणं ही पेढे वाटण्याची गोष्ट. आम्ही दोघं जुळे उपग्रह आहोत.

पृथ्वी सतत अंगातली उष्णता अवकाशात सोडत असते. त्यातली बरीचशी डोळ्यांना न दिसणाऱ्या लांब लहरींमधून निसटते, ध्रुवांच्या बर्फाळ भागात तर फारच. ती नीट अशी कुणी मोजलीच नव्हती. ताप चढलाय म्हणून सगळ्यांची ओरड, पण थर्मामीटर लावायला कुणी पुढे येईना! म्हणून आम्ही.

आम्हाला घडवलं ताईनं. तिच्याहून मोठे असलेले, प्रयोगशाळेचे प्रमुख सरही तिला ताईच म्हणतात. तिनं आमच्या पोटात छोटासा आरसा बसवला. तो मान वळवून आधी रिकाम्या, गार अवकाशाकडे बघतो, मग पोटातल्याच कोमट काळ्या पत्र्याकडे. गार म्हणजे किती, गरम म्हणजे किती, हे पक्कं झालं की मग पृथ्वीकडे.

दादाला यानात जागा मिळाली. मला पुढच्या यानाचं वचन मिळालं. तोवर माझं नाव पडलं 'दुसरा'. सर माझ्या डोक्यावर चष्मा ठेवायचे आणि मग खोलीभर शोधत फिरायचे. मला तोंड असतं तर सांगितलं असतं.

एका सकाळी ताई धावत आली. वर दादाची मान अवघडली होती! आरसा अवकाशाकडे वळला तो तिथेच अडकला. पृथ्वीभोवती फिरतोय आणि पृथ्वीच दिसत नाही. लग्नाला जाऊन भिंतीकडे तोंड करून बसावं तसं.

"सोडवायचा उपाय आधी दुसऱ्यावर करून बघू," सर म्हणाले.

"याला काही झालं तर पाठवायला तिसरा नाही, सर."

"आणि नाही केलं तर वरच्याचं काय?"

 माझ्या डोक्यावरचा चष्मा उचलून ताईनं सरांच्या हातात दिला आणि मला थोपटलं. "चल रे बाळा."

मला वरच्यासारखा गारठा असलेल्या थंड पेटीत घातलं. इतकं गारठवलं की माझीही मान धरली. मग ताई मोटरला हलके हलके झटके देऊ लागली. पुढे, मागे, पुढे, मागे. आरसा केसभर सरकला.

"हलला!" सर ओरडले. "आता जरा जोर लाव."

"नको, सर. अजून हळूहळूच."

"वर दिवस वाया चाललेत, ताई!"

तिनं जोर वाढवला. कट्. आरसा फिरवणाऱ्या माझ्या दातेरी चाकाचा दात तुटला.

 सर म्हणाले, "चूक माझी." ताईनं डोळे पुसले आणि हलक्या झटक्यांचाच हुकूम वर धाडला. दुसऱ्या दिवशी दादाची मान सुटली. ध्रुवावरून पहिले आकडे आले तेव्हा सरांनी चक्क नाच केला. नाच वाईट होता, पण मनापासून होता.

पुढचं यान माझ्याविना गेलं. वाईट वाटलं का? वाटलं. पण दादा बर्फावरून जाणारी ऊब मोजतो, त्यात माझा एक दात आहे.

माझा आरसा आता कायमचा ताईच्या खुर्चीकडे वळलेला आहे. वीज जोडलेली असते, तेव्हा मी तिलाच मोजतो. उन्हातून आली की तिचं कपाळ तापलेलं असतं. बोटं मात्र नेहमी गार. चहाचा कप हातात घेतला की तीही हळूहळू उजळतात.

सध्या एकच धास्ती आहे. सरांना मला काचेच्या कपाटात, दारापाशी मानानं बसवायचंय. अहो, काचेतून तुम्हाला दिसतं, मला नाही! ही ऊब काचेतून येत नाही. मला फक्त काच दिसेल, जन्मभर.

तेव्हा आलाच आहात तर सरांच्या कानावर एवढं घाला. मग घटकाभर समोर बसा, चहा घेऊनच. आणि उठताना खुर्ची माझ्याकडे तोंड करूनच ठेवा, ताई येईल.